लिनक्सवर लॉगिनचा आवाज बंद होतो तेव्हा

लिनक्सच्या डेस्कटॉपवर लॉगिन केल्यानंतर वाजणारा छोटासा आवाज नाहीसा झाला, तर बहुतेक जण त्याकडे दुर्लक्ष करतात. आणि ज्यांना ते खटकते, ते सहसा साउंड कार्डाचे ड्रायव्हर किंवा ध्वनिव्यवस्थेची सगळी पॅकेजेस काढून पुन्हा बसवण्याच्या मागे लागतात. नागपुरातल्या नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे संगणक सांभाळताना मला असे दिसले आहे, की या तक्रारीत ध्वनिव्यवस्थाच बिघडलेली असण्याची शक्यता फार कमी असते. बहुतेक वेळा तो आवाज वाजवण्याची सूचनाच कोणी दिलेली नसते, किंवा सूचना ज्या फाइलचे नाव घेते ती फाइल जागेवर नसते, किंवा सगळे जागेवर असूनही सूचना वेळेआधी पोहोचलेली असते. या तिन्ही प्रकारांत ड्रायव्हर बदलून काहीही साधत नाही, उलट जे चालू आहे तेही बिघडण्याचा धोका असतो.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण अनेकांसाठी तो आवाज शोभेचा नसतो. महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्यांची दृष्टी काचबिंदूमुळे बरीच कमी झाली आहे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि लिनक्सच्या सिनॅमन या डेस्कटॉपवर, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या ऑर्का या स्क्रीन रीडरच्या मदतीने वर्तमानपत्रे ऐकतात, पत्रे लिहितात. लॉगिन केल्यानंतर ऑर्का सुरू होऊन बोलू लागेपर्यंत काही क्षण जातात, आणि तेवढ्या वेळात पासवर्ड स्वीकारला गेला की चुकला, हे त्यांना कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे लॉगिनचा आवाज. प्रणालीची आवृत्ती बदलल्यानंतर तो थांबला, तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, “तो आवाज आला की मला कळायचं, पासवर्ड बरोबर पडला. आता पुन्हा टाकू की थांबू, हेच समजत नाही.” ज्याला पडदा नीट दिसतो त्याला हा प्रश्न पडतच नाही, आणि म्हणूनच तो सोडवण्याची घाई कोणाला वाटत नाही.

तपासाची सुरुवात एकाच गोष्टीने करावी. लॉगिन झाल्यावर मिनिटभर थांबावे, टर्मिनल उघडावे आणि लॉगिनच्या आवाजाची नेमकी तीच फाइल हाताने वाजवून पाहावी. पाइपवायर आणि पल्सऑडिओ हे प्रोग्रामचे आवाज साउंड कार्डापर्यंत पोहोचवणारे ध्वनी सर्व्हर आहेत. पाइपवायर असलेल्या प्रणालीवर त्यासाठी ‘पीडब्ल्यू-प्ले’ ही आज्ञा आहे, पल्सऑडिओ असलेल्या प्रणालीवर ‘पा-प्ले’ आहे. नळाला पाणी आले नाही म्हणून कोणी लगेच अंगणातली पाइपलाइन उकरत नाही. आधी घरातला दुसरा नळ उघडून पाहतो, तशीच ही तपासणी आहे. फाइल हाताने वाजली, तर कर्नलमधले म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले ड्रायव्हर, त्यावरची आल्सा ही मूळ ध्वनिव्यवस्था, त्यावरचा ध्वनी सर्व्हर आणि स्पीकर हे सगळे निर्दोष ठरतात आणि शोध मुख्यतः सूचना, फाइलचे नाव आणि वेळ यांपुरता उरतो. नागपूरकरांना मी एवढेच सुचवेन, की ही तपासणी एप्रिल-मे महिन्यांत करायची असेल, तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवावा. वाळ्याच्या ताट्यांमागे पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याच्या घरघरीत मंद, सेकंदभराचा आवाज पूर्णपणे बुडतो आणि आवाज झालाच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

या थरांचा थोडा इतिहास माहीत असला की जुने सल्ले आज का लागू पडत नाहीत ते कळते. आल्सा ही कर्नलच्या २.६ मालिकेबरोबर मूळ व्यवस्थेत आली. त्यानंतर लेनार्ट पोटरिंग यांच्या पल्सऑडिओने अनेक प्रोग्रामचे आवाज एकत्र मिसळण्याचे काम हाती घेतले, आणि उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराने २००८ सालच्या ८.०४ या आवृत्तीपासून त्याचा स्वीकार केला. आता ती जागा विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या पाइपवायरने घेतली आहे: फेडोरात ३४व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२१ पासून, उबुंटूत २२.१० पासून आणि लिनक्स मिंटमध्ये २०२४ सालच्या २२व्या आवृत्तीपासून. पाइपवायर पल्सऑडिओच्याच भाषेत बोलू शकत असल्यामुळे जुने प्रोग्राम न बदलता चालतात. परंतु पल्सऑडिओच्या सेटिंगच्या फाइलींत केलेले जुने बदल मात्र पाइपवायर वाचत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या सल्ल्याप्रमाणे त्या फाइलींत ओळी वाढवत बसलेल्या माणसाला काहीच फरक का दिसत नाही, याचे उत्तर येथे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण नेमका कोणता आवाज शोधत आहोत हे ठरवणे. लॉगिनच्या आसपास दोन वेगळे आवाज असू शकतात. एक पासवर्ड विचारणारी स्क्रीन तयार झाली की वाजतो, आणि दुसरा पासवर्ड स्वीकारून डेस्कटॉप उघडताना वाजतो. लिनक्स डेस्कटॉपसाठी सामाईक मानके ठरवणाऱ्या फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या आवाजांच्या नामावलीत पहिल्याला ‘सिस्टम-रेडी’ आणि दुसऱ्याला ‘डेस्कटॉप-लॉगिन’ अशी स्वतंत्र नावे आहेत. पहिला आवाज आपल्या खात्यात वाजतच नाही. लॉगिन स्क्रीन ती दाखवणाऱ्या जीडीएम किंवा लाइटडीएम या प्रोग्रामच्या स्वतःच्या वेगळ्या खात्याखाली चालते, तिच्या आवाजाची पातळी वेगळी, तिची सेटिंग वेगळी. आपल्या डेस्कटॉपवरची कोणतीही कळ फिरवली तरी त्या स्क्रीनवर परिणाम होत नाही. शिवाय ज्यांनी पासवर्ड न विचारता थेट आत जाण्याची सोय चालू केलेली असते, त्यांच्याकडे ती स्क्रीन दिसतच नाही, म्हणून पहिला आवाज येण्याचा प्रश्नच उरत नाही. आत्यांना हवा होता तो दुसरा, आणि या लेखाचा पुढचा भाग त्याच्याविषयी आहे.

फाइल हाताने वाजते, पण लॉगिनचाच नव्हे तर सूचनांचा, चूक झाल्याच्या इशाऱ्याचा असा कोणताच छोटा आवाज येत नाही, अशी स्थिती असेल, तर एक फारसे कोणाला ठाऊक नसलेले कारण तपासावे. ध्वनी सर्व्हर प्रत्येक आवाजाला त्याची भूमिका विचारतो: हे संगीत आहे, व्हिडिओ आहे, की एखाद्या घटनेची सूचना आहे. सूचनांच्या भूमिकेतल्या सर्व आवाजांची पातळी तो एकत्र लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच लावतो. कधीतरी एखाद्या बैठकीपूर्वी किंवा रात्री कोणी त्या गटाचा आवाज शून्यावर आणला, की तो तसाच जपला जातो. गाणी वाजत राहतात, व्हिडिओ ऐकू येतात, मुख्य स्लायडर पूर्ण वर असतो आणि लॉगिनचा आवाज मात्र कायमचा मुका राहतो. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा प्रोग्राम उघडला की त्याच्या प्लेबॅकच्या पानावर ‘सिस्टम साउंड्स’ नावाचा वेगळा स्लायडर दिसतो. तो वर नेला आणि त्याच्या शेजारचे म्यूटचे बटण काढले, की पुष्कळ घरांतली तक्रार तेथेच संपते. डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी हा स्लायडर मुख्य सेटिंगमध्ये ठळकपणे दाखवावा असे मला फार वाटते, कारण जो दिसत नाही तो सुधारण्याची कल्पनाही वापरणाऱ्याला येत नाही.

त्यानंतर फाइलीचा प्रश्न येतो. काही डेस्कटॉप आवाजाला त्याच्या नावाने हाक मारतात आणि काही थेट फाइलीचा पत्ता साठवून ठेवतात. नावाने हाक मारण्याच्या पद्धतीत लिबकॅनबेरा ही लायब्ररी चालू साउंड थीमच्या म्हणजे आवाजांच्या संचाच्या फोल्डरमध्ये ते नाव शोधते, तेथे न सापडल्यास ती थीम ज्या थीमवर आधारलेली आहे तिच्यात शोधते, आणि शेवटी ‘फ्रीडेस्कटॉप’ नावाच्या सामान्य थीमकडे वळते. येथेच मोठा सापळा आहे: या शेवटच्या थीममध्ये घंटी, इशारा, विजेची तार जोडल्याचा आणि काढल्याचा असे अनेक आवाज आहेत, ‘सर्व्हिस-लॉगिन’ नावाचाही आवाज आहे, पण ‘डेस्कटॉप-लॉगिन’ मात्र नाही. ‘सर्व्हिस-लॉगिन’ हा गप्पांच्या प्रोग्राममध्ये कोणी हजर झाल्याचा आवाज आहे. नाव ऐकून तोच लॉगिनचा असावा असे वाटते आणि शोध भलतीकडे जातो. परिणामी, चालू थीममध्ये स्वतःचा लॉगिनचा आवाज नसेल, तर व्यवस्था निमूटपणे काहीही वाजवत नाही आणि चुकीबद्दलचा कसलाही संदेश दाखवत नाही. ‘कॅनबेरा-जीटीके-प्ले’ या आज्ञेला आवाजाचे नाव देऊन वाजवायला सांगितले, की हा दोष त्याच क्षणी उघडा पडतो.

फाइलीचा पत्ता साठवण्याच्या पद्धतीतला दोष निराळा असतो. सिनॅमनमध्ये लॉगिनचा आवाज चालू आहे की बंद हे एका सेटिंगमध्ये असते आणि कोणती फाइल वाजवायची हे दुसऱ्या सेटिंगमध्ये. दोन्ही ‘ऑर्ग डॉट सिनॅमन डॉट साउंड्स’ या गटात, टर्मिनलमधून सेटिंग वाचणाऱ्या जीसेटिंग्जच्या आज्ञेने पाहता येतात, किंवा ध्वनीच्या सेटिंगमधल्या ‘साउंड्स’ या पानावर दिसतात. आत्यांच्या संगणकावर पहिले सेटिंग चालूच होते. दुसऱ्यात मात्र एका जादा पॅकेजमधल्या फाइलीचा पत्ता होता. त्यांना स्पष्ट ऐकू यावा म्हणून पूर्वी निवडलेला तो घंटेचा आवाज होता, आणि आवृत्ती बदलताना नव्या प्रणालीत उपलब्ध नसलेले ते पॅकेज काढले गेले होते. वापरणाऱ्याची सेटिंग त्याच्या होम फोल्डरमध्ये जपली जातात, फाइली मात्र प्रणालीच्या फोल्डरमध्ये राहतात, आणि आवृत्ती बदलताना या दोहोंची गाठ कोणी तपासत नाही. त्या पानावरच्या वाजवून पाहण्याच्या बटणाने काहीच ऐकू आले नाही, यावरून पत्ता मोकळ्या जागेकडे नेत आहे हे लक्षात आले. अशाच जातीची आणखी दोन कारणे आहेत. फाइल दुसऱ्या पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवलेली असेल, तर लॉगिनच्या क्षणी ती जागा जोडलेली नसते. आणि फाइल एमपी३ प्रकारची असेल, तर लिबकॅनबेरा ती वाचतच नाही; तिला फक्त वेव्ह आणि ऑग व्हॉर्बिस हे दोन प्रकार समजतात. तानपुऱ्याचा किंवा शंखाचा आवाज मोबाइलवरून आणून लावणाऱ्यांची अडचण बहुधा येथे असते, आणि फाइलीचे फक्त आडनाव म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे बदलून ती सुटत नाही. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रामने तिचे खरोखर रूपांतर करावे लागते.

इतर डेस्कटॉपविषयी थोडक्यात सांगायचे, तर सध्याच्या ग्नोममध्ये लॉगिनचा आवाज वाजवण्याची सोय मूळ व्यवस्थेत नाही, तेव्हा तेथे बिघाड शोधण्यात अर्थ नाही. तो स्वतः जोडावा लागतो. एक्सएफसीईचेही तसेच आहे. केडीई प्लाझ्मात नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये प्लाझ्मा वर्कस्पेसच्या नावाखाली लॉगिनची घटना सापडते आणि तेथे आवाज निवडता येतो. २०२४ च्या प्लाझ्मा ६ पासून त्यांची ‘ओशन’ नावाची नवी साउंड थीम आली आहे.

फाइल आहे, सूचना आहे, हाताने वाजवली की ऐकूही येते, आणि तरी लॉगिनच्या वेळी शांतता असते, अशा वेळी वेळेचा प्रश्न असतो, आणि हाच भाग मला सर्वांत रंजक वाटतो. लॉगिन होताना एकाच वेळी अनेक गोष्टी सुरू होतात: पॅनेल, फाइल मॅनेजर, नेटवर्कचे चिन्ह, आणि त्यांच्याबरोबर पाइपवायर व कोणते उपकरण वापरायचे हे ठरवणारा वायरप्लंबर. लॉगिनचा आवाज वाजवा ही सूचना जर वायरप्लंबरने साउंड कार्ड ताब्यात घेण्यापूर्वीच आली, तर तो आवाज एखाद्या नकली आउटपुटकडे जातो आणि विरून जातो. जुन्या हार्ड डिस्कवर एखाद्या दिवशी आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, याचे कारण हेच. एसएसडी बसवल्यावर क्रम बदलतो आणि काही वेळा तक्रार निघून जाते, तर काही वेळा नव्याने सुरू होते. या क्षणाची नोंद, लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या जर्नलमध्ये म्हणजे नोंदवहीत मिळते. चालू बूटपुरत्या आपल्या खात्याच्या नोंदी पाहिल्या, की कोणती सेवा कोणत्या सेकंदाला उठली हे ओळीने वाचता येते.

वेळेचा दुसरा प्रकार वीज वाचवण्याशी संबंधित आहे. इंटेलच्या पद्धतीची साउंड कार्डे काही काळ काम नसले की झोपतात, आणि जागे होताना पहिला काही अंश गिळून टाकतात. एचडीएमआयच्या तारेतून मॉनिटरकडे आवाज जात असेल, तर मॉनिटरला तो प्रवाह ओळखायला आणखी वेळ लागतो. तीन मिनिटांच्या गाण्यात हा तोटा लक्षातही येत नाही, पण लॉगिनचा आवाजच मुळात सेकंदभराचा असेल, तर तो संपूर्ण त्या जागे होण्यात संपतो. यावर कार्डाची झोप बंद करण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात, आणि तो चालतोही; तथापि लॅपटॉपवर त्याची किंमत बॅटरीतून मोजावी लागते. मला त्याहून फाइलीच्या सुरुवातीला एक सेकंदाची शांतता जोडणे अधिक योग्य वाटते, कारण त्यात प्रणालीचे कोणतेच सेटिंग बदलत नाही आणि जे वाया जायचे ते शांततेतलेच वाया जाते.

आवाज कोणत्या उपकरणाकडे जातो, हेही एकदा पाहावे. मॉनिटरला स्पीकर नसतानाही तो कधी कधी एचडीएमआयवर स्वतःला ध्वनीचे उपकरण म्हणून नोंदवतो. बर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी स्पीकरचे दोन प्रकार असतात: काही यूएसबीतून फक्त वीज घेतात आणि आवाज नेहमीच्या जॅकमधून घेतात, तर काहींमध्ये स्वतःचे साउंड कार्ड असते. दुसऱ्या प्रकारचा स्पीकर थोडा उशिरा ओळखला गेला, तर लॉगिनचा आवाज संगणकाच्या आतल्या कार्डाकडे जातो, जेथे ऐकायला काहीच जोडलेले नसते. ब्लूटूथचे हेडफोन तर लॉगिननंतरच जोडले जातात, त्यामुळे त्यांच्यात हा आवाज येण्याची अपेक्षा ठेवू नये.

एका जुन्या सल्ल्यापासून मात्र सावध करणे मी माझे कर्तव्य समजतो. आवाज येत नसेल तर आपले खाते ‘ऑडिओ’ गटात घाला, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. आजच्या प्रणालीत समोर बसलेल्या माणसाच्या सेशनला साउंड कार्डाची परवानगी सिस्टमडीचा लॉगिनडी हा भाग आपोआप देतो आणि दुसऱ्या खात्यावर गेल्यावर ती काढून घेतो. गटामुळे मिळालेली परवानगी मात्र कायम राहते, आणि मग एकाच संगणकावर आई, वडील आणि मुले वेगवेगळ्या खात्यांनी काम करत असतील, तर मागे राहिलेले एक खाते कार्ड अडवून बसू शकते आणि दुसऱ्याच्या लॉगिनला आवाज मिळत नाही. ज्या घरात हा गट पूर्वी लावला गेला असेल, तेथे तो काढून पाहणे हा तपासाचाच भाग समजावा.

आत्यांच्या संगणकावर शेवटी सिनॅमनचे लॉगिनच्या आवाजाचे सेटिंग बंद करून स्वतंत्र व्यवस्था केली. घंटेची फाइल ऑग व्हॉर्बिसमध्ये रूपांतरित करून, सुरुवातीला शांतता जोडून, त्यांच्याच होम फोल्डरमध्ये ठेवली, म्हणजे पुढची आवृत्ती बसवताना ती जागेवरून हलणार नाही. ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये ती फाइल वाजवणारी नोंद केली आणि तिला दोन सेकंदांचा विलंब दिला, एवढ्या अवधीत वायरप्लंबर आपले काम संपवतो आणि तरीही आवाज ऑर्काच्या पहिल्या शब्दाआधी येतो. विलंब वाढवून पाहिला, तर आवाज आणि ऑर्काचे बोलणे एकमेकांवर चढतात, म्हणून तो प्रत्येक संगणकाच्या वेगानुसार ठरवावा लागतो. आवाज निवडताना तो उंच स्वराचा घेतला, कारण कूलरची घरघर खालच्या स्वरांची असते आणि त्यातून उंच स्वर वर निघतो.

त्यांनी लॉगआउटचाही आवाज मागितला आहे आणि ते काम अधिक अवघड आहे. सेशन बंद होऊ लागले की ध्वनी सर्व्हरही त्याच्याबरोबर बंद होतो, त्यामुळे आवाज अर्ध्यावर तुटतो किंवा सुरूच होत नाही. यासाठी बंद करण्याच्या नेहमीच्या बटणाऐवजी आधी आवाज वाजवून तो पूर्ण झाल्यावरच लॉगआउटची आज्ञा देणारी छोटी स्क्रिप्ट लिहून तिला कीबोर्डचा एक शॉर्टकट द्यावा लागेल. मेनूतून बंद केले, तर हा आवाज येणार नाही. पण आत्या मेनू वापरत नाहीत, सगळे काम कीबोर्डवरूनच करतात, तेव्हा त्यांच्यापुरता हा मार्ग पुरेसा आहे.